निवळीत प्रथिन किती? करवीर तालुक्यातल्या एका पनीर युनिटचा प्रकरण अभ्यास

करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहरापासून अर्ध्या तासावर, काका-पुतण्यांचं एक पनीर युनिट आहे. रोज दोन हजार लिटरच्या आसपास दूध येतं, म्हशीचं जास्त आणि गाईचं थोडं. तीन-चार गावांतल्या चाळीसेक घरांतून टेम्पो कॅन गोळा करून आणतो. त्यातून साडेतीनशे-तीनशे साठ किलो पनीर निघतं आणि ते कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीच्या हॉटेलांना व केटरर लोकांना जातं. मागं उरते सोळाशे लिटर निवळी, म्हणजे दूध फाडल्यावर सुटणारं पाणी (इंग्रजीत व्हे). ती नाल्यात जायची. नाव-गाव मुद्दाम देत नाही. आकडे थोडे गोल केलेत, हिशेबाचं प्रमाण मात्र तेच ठेवलंय.

बँकेसाठी प्रकल्प अहवाल करणं हा माझा धंदा. त्यामुळं हे प्रकरण माझ्याकडं कर्जाच्या फाइलच्या रूपात आलं. पावणेदोन कोटींचा प्रकल्प, विषय 'निवळीपासून व्हे प्रोटीन पावडर'. फाइल पुतण्यानं आणली होती. सोबत एका मशिनरी विक्रेत्याचं चकचकीत सादरीकरण होतं, त्यात पहिल्याच पानावर वाक्य होतं की भारतातले पनीरवाले रोज सोनं गटारात ओततात. आबा, म्हणजे काका, शेजारच्या खुर्चीत बसून होते. पुतण्याचं बोलून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "सोनं असतं तर नाल्याला फेस आला असता व्हय रे?"

फेसाचा मुद्दा खरा होता. निवळीची बीओडी, म्हणजे ती कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला ३०,००० ते ५०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे, शेतात सोडायच्या पाण्याची १००. पंचगंगेच्या पाण्यावरून कोल्हापुरात किती वर्षं रान पेटलंय हे सांगायला नको. नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतकऱ्यांनी तक्रार केली होती आणि निवळीचं काहीतरी करावंच लागणार होतं. विक्रेता नेमका अशा वेळी दारात आला, की नको असलेली गोष्ट विकत घ्यायला कुणीतरी मिळाल्यासारखं वाटावं.

मागणी खोटी नव्हती

पुतण्याच्या डोक्यात हे वारं कुठून शिरलं ते समजून घ्यायला हवं, कारण त्याच्या मांडणीत बरंच काही बरोबर होतं. कोल्हापूर हे अंगमेहनतीनं खाणाऱ्यांचं गाव आहे. १९१२ साली शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी, गंगावेशीला डोळ्यांदेखत धार काढून देणारा दूध कट्टा. प्रथिन हा शब्द छापील डब्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथं खुराकाचा हिशेब होत आलाय. आता त्याच पेठांत जिम आहेत, आणि तालमीतल्या पोरांच्या पिशवीतही पावडरचा डबा असतो. अमूलसारख्या संघानं प्रथिन वाढवलेली लस्सी, ताक आणि व्हे पावडर बाजारात आणली, ती लोक वाट बघून मागवतात. मागणी आहे याबद्दल वादच नाही.

त्याशिवाय त्यानं मोबाइलवर बाहेरच्या जगाचं वाचलं होतं. पर्फेक्ट डे नावाची अमेरिकन कंपनी गाय न पाळता व्हे प्रोटीन बनवते. दुधातल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा जीन बुरशीत घालायचा आणि तिला साखर खाऊ घालून टाकीत ते प्रथिन काढायचं. हीच कंपनी २०२२मध्ये गुजरातेतली स्टर्लिंग बायोटेक विकत घेऊन भारतात आली. केंद्र सरकारच्या बायोई३ धोरणात, २०२४च्या ऑगस्टात मंजूर झालेल्या, 'स्मार्ट प्रथिनं' हा एक विषयच आहे. "साखर तर आपल्याकडं ढिगानं हाय, आबा," असं त्याचं म्हणणं. ढिगानं आहे हे खरं. पण या धंद्यात महाग असतो तो सूक्ष्मजीवाचा वाण, त्याचं पेटंट आणि टाकीतून प्रथिन वेगळं काढण्याची यंत्रणा. साखर त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. जनुकबदल केलेल्या जीवापासूनच्या अन्नाला लागणाऱ्या परवानग्या वेगळ्याच. हा विषय मी पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

गुंतवणुकीच्या हवेबद्दल मात्र एक गोष्ट त्याला सांगावी लागली. बियाँड मीट या वनस्पतीजन्य मांसाच्या अमेरिकन कंपनीचा शेअर २०१९च्या मेमध्ये २५ डॉलरला बाजारात आला, जुलैत २३० डॉलरच्या वर गेला आणि २०२५च्या ऑक्टोबरात एक डॉलरच्याही खाली आला. पर्यायी प्रथिनांच्या कंपन्यांत जगभर २०२१ला पाच अब्ज डॉलरच्या आसपास पैसा आला होता, २०२४ला जेमतेम अब्जभर. म्हणजे तंत्र वाईट असं मी म्हणत नाही. पण ज्या वर्षी विक्रेत्याचं सादरीकरण छापलं गेलं असेल त्या वर्षीची हवा आणि हप्ते भरायच्या वर्षांची हवा एकच नसते.

किलोचा हिशेब

अशा फाइलमध्ये मी रुपयांचं पान सगळ्यात शेवटी उघडतो. आधी किलो मोजतो. दुधातून किती प्रथिन आत आलं, कुठल्या दारानं किती बाहेर गेलं. जे आत आलंच नाही ते कितीही भारी मशिन लावलं तरी बाहेर निघत नाही.

दोन हजार लिटर दूध, साडेतीन टक्के प्रथिन धरलं तर सत्तर किलो. तीनशे साठ किलो पनीरमध्ये साडेसतरा-अठरा टक्क्यांनी त्रेसष्ट-चौसष्ट किलो. उरलेलं सहा-साडेसहा किलो सोळाशे लिटर निवळीत. म्हणजे ०.४ टक्के. सादरीकरणात काय धरलं होतं? ०.९ टक्के. त्यावरून रोज चौदा किलो प्रथिन, ऐंशी टक्क्यांची पावडर केली तर अठरा किलो, आणि दुकानातल्या डब्याच्या भावानं, किलोला अडीच हजार, रोजचे पंचेचाळीस हजार रुपये.

०.९ हा आकडा कुणी बनवलेला नाही. तो पुस्तकात आहे, पण चीजच्या निवळीसाठी. इथंच या प्रकरणाची गोम आहे. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे प्रथिनं. चीज करताना दूध हलकंच तापवतात आणि रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, लावून विरजतात. केसीन गोठतं, व्हे प्रथिनं पाण्यात विरघळलेली राहतात आणि निवळीबरोबर बाहेर येतात. जगातली बहुतेक व्हे पावडर या चीज कारखान्यांच्या मागच्या दारातून येते. पनीरचं तसं नाही. पनीरसाठी दूध ९० अंशांपर्यंत तापवतात. त्या उष्णतेनं व्हे प्रथिनांची घडी उलगडते, ती केसीनला चिकटतात, आणि सायट्रिक अॅसिड पडलं की दोन्ही मिळून फाटतात. निवळीत राहिलेल्या ०.४ टक्क्यातला जवळपास निम्मा भाग तर युरियासारख्या नत्राच्या संयुगांचा असतो. प्रयोगशाळा नत्र मोजून त्याला ६.३८ने गुणते, म्हणून तो अहवालात प्रथिन दिसतो. प्रथिन अडवायला मशिनमध्ये जो बारीक गाळणीचा पडदा असतो त्यातून तो सरळ निसटतो.

हे कागदावर सांगून पुतण्या मानणार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. म्हणून त्यांच्याच भट्टीवर करून पाहिलं. ओळखीच्या एका मोझरेला करणाऱ्याकडून चिमूटभर रेनेट आणलं. एका पातेल्यात दोन लिटर दूध, नुसतं पाश्चराइज करून ३५ अंशांवर आणलेलं. रेनेट घातलं, पाऊण तासात खरवसासारखं थरथरतं दही लागलं, सुरीनं चौकोन कापले, फडक्यातून निथळवलं. निवळी आली ती किंचित हिरवट, स्वच्छ. दुसऱ्या पातेल्यात त्या दिवशीच्या पनीरची निवळी. दोन्हींत लिंबाचे दोन-दोन थेंब टाकून गॅसवर ठेवली. ८५ अंशांच्या पुढं पहिल्या पातेल्यात पांढरे कण धरायला लागले, बघता बघता वर ढग जमला. इटलीतलं रिकोटा चीज यातूनच होतं. पनीरची निवळी खळखळ उकळली, थोडी गढूळ झाली, आणि तळाला चहाच्या चमच्यातही मावणार नाही एवढा गाळ. पुतण्या बराच वेळ दोन्ही पातेल्यांत डाव घालून बघत राहिला. आबांनी गॅस बंद केला.

मग रुपयांचं पान उघडलं. खरं, पडद्यानं अडवता येण्याजोगं प्रथिन रोज तीन किलो. पावडर पावणेचार किलो. घाऊक भाव हजार-बाराशे धरला, कारण दुकानातल्या डब्याचा भाव डब्यावर नाव असणाऱ्याला मिळतो, गोणीत विकणाऱ्याला नाही. तर रोजचे जास्तीत जास्त साडेचार हजार. पावणेदोन कोटींवर दहा टक्क्यांनी व्याज वर्षाला साडेसतरा लाख, म्हणजे रोजचे चार हजार आठशे. वीज, पडद्यांची सफाई, कामगार, मुद्दल, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. व्याजच उत्पन्नाच्या वर.

आणि एक गोष्ट, जी मला वाटतं सादरीकरण करणाऱ्याला कळलीच नव्हती: ती व्हे प्रथिनं गटारात जातच नव्हती. ती पनीरमध्ये बसून हॉटेलच्या कढईत जात होती, आणि पनीरच्या भावानं त्यांचे पैसे आबा वर्षानुवर्षं घेत होते. पनीरचा उतारा चांगला यायचं एक कारण तेच.

साखरेतलं प्रथिन

पुतण्या हुशार आहे. प्रथिन नाही तर नाही, पण निवळीत दुधाची साखर आहे, ४.८ टक्के, म्हणजे रोज सत्त्याहत्तर किलो. "साखरेवर यीस्ट वाढवायचं," तो म्हणाला. हा विचार कच्चा नाही. बेकरीचं साधं यीस्ट दुधाची साखर खात नाही, पण क्लुइव्हेरोमायसिस नावाचं खातं, आणि युरोपात निवळीवर ते वाढवून जनावरांच्या खाद्यात घालण्याचं काम गेल्या शतकापासून चालू आहे. गणितही बघा: सत्त्याहत्तर किलो साखरेवर पस्तीस किलोपर्यंत कोरडं यीस्ट, त्यात ४५ टक्के प्रथिन, म्हणजे रोज पंधरा किलो. निवळीतल्या खऱ्या प्रथिनाच्या पाचपट. प्रथिन हवं असेल तर निवळीतली साखर हाच कच्चा माल आहे, हे त्याचं निदान मला पटलं.

अडतं ते भावात. माणसांसाठी म्हटलं तर यीस्टमधलं न्यूक्लिक आम्ल कमी करावं लागतं, नाहीतर युरिक अॅसिडचा त्रास. ती प्रक्रिया या युनिटच्या आवाक्याबाहेरची. जनावरांसाठी म्हटलं तर स्पर्धा सोया डीओसीशी, म्हणजे तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीशी. डीओसीत ४६-४८ टक्के प्रथिन असतं. पंधरा किलो प्रथिनाला बत्तीस किलो डीओसी पुरते. किलोला चाळीस रुपये धरा: तेराशे रुपये. एवढ्यासाठी रात्रंदिवस हवा सोडणारा ब्लोअर, टाकी गार ठेवायची सोय, यीस्ट वेगळं काढायचं सेंट्रीफ्यूज आणि वाळवायचं मशिन.

यात या युनिटचं काही दुर्दैव आहे असं नाही. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीनं १९८०च्या सुमारास बिलिंगहॅमला पंधरा लाख लिटरची टाकी उभी करून मिथेनॉलवर जिवाणू वाढवले, प्रुटीन नावानं पशुखाद्य काढलं. तंत्र उत्तम चाललं. पण तेलाबरोबर मिथेनॉल महागलं, सोया स्वस्त राहिला आणि काही वर्षांत प्रकल्प बंद. त्याच देशात बुरशीपासून केलेलं क्वॉर्न १९८५ला बाजारात आलं आणि टिकलं, कारण ते माणसाच्या ताटात, मांसाच्या शेजारी, मांसाच्या भावाजवळ विकलं गेलं. सूक्ष्मजीवांचं प्रथिन पेंडीच्या भावाशी झुंजायला गेलं की पडतं. हे मला या धंद्यातलं सगळ्यात उपयोगी ऐतिहासिक उदाहरण वाटतं, आणि आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत ते कुठंच दिसत नाही.

काकींचा गोठा

आतापर्यंत बोलणं ऑफिसात चाललं होतं. युनिटच्या मागं घरचा गोठा आहे, चौदा म्हशी, त्याचा कारभार काकींकडं. गोठ्याचा विषय निघाला तेव्हा त्या सहज बोलून गेल्या की दोन-तीन म्हशींना त्या कधीपासून निवळी पाजतात. "पाण्यापेक्षा आवडीनं पितात. खाद्याची कांडी जरा कमी घातली तरी धार तुटत न्हाई." कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

सहा टक्के घन भाग धरला तर वीस लिटर निवळीतून म्हशीच्या पोटात सव्वा किलोच्या आसपास कोरडं खाद्य जातं, बहुतेक साखर, थोडं कॅल्शियम-फॉस्फरस. हे सव्वा-दीड किलो मक्याच्या भरड्याच्या जवळ जातं. म्हशीच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जे सूक्ष्मजीव आहेत ते ही साखर आणि पेंडीतलं नत्र घेऊन आपलं शरीर, म्हणजे प्रथिन, बनवतात, आणि पुढं म्हैस तेच पचवते. पुतण्याला जी यीस्टची टाकी उभी करायची होती तीच ही, फक्त ब्लोअर नाही, वीजबिल नाही, आणि वाळवायचं कामही नाही. कोल्हापूरच्या वैरणीला हे बसतंही चांगलं. हंगामात इथं म्हशीपुढं उसाचं वाडं पडतं, त्यात ताकद बेताची आणि प्रथिन त्याहून कमी. वरून साखर आणि सरकी पेंड मिळाली की वाडं पचवणारे जिवाणू जोरात चालतात.

सोळाशे लिटर म्हणजे ऐंशी म्हशी. घरच्या चौदा. बाकीच्या कुठं? दूध घालणाऱ्या चाळीस घरांत. आणि तिकडं जाणारा टेम्पो रोज रिकामे कॅन घेऊन परत जातच होता. शंभर किलोच्या आसपास मका वाचतो, किलोला बावीस-चोवीस रुपये धरले तर रोजचा सव्वादोन-अडीच हजारांचा माल. यीस्टच्या तेराशेपेक्षा हे जास्त, आणि त्यासाठी पावणेदोन कोटी लागत नाहीत.

सोपं मात्र नव्हतं. पहिली हरकत आबांनीच काढली: दूध घालणाऱ्याच्या घरी निवळीचं पिंप पाठवायचं म्हणजे उद्या तीच निवळी कॅनमधून आपल्याकडं परत येणार. ही शंका अगदी रास्त. पाणी घातलं तर लॅक्टोमीटर लगेच सांगतो, निवळीत घन भाग असल्यानं तेवढं चटकन कळत नाही. फॅट आणि प्रथिन मात्र पडतं. यावर उपाय काकींचा. पिंप भरतानाच त्यात दोन घमेली गव्हाचा भुस्सा ढवळायचा. म्हशीला चालतो, दुधात लपत नाही.

मग पथ्यं. निवळी त्याच दिवशी संपवायची. सकाळची निवळी संध्याकाळपर्यंत चालते, दुसऱ्या दिवशी ती चांगलीच आंबते. सुरुवात पाच लिटरनं, आठवड्या-दोन आठवड्यांत वीसपर्यंत. आधी वैरण, मग निवळी. उपाशी पोटी पाजली की पोटात आम्लता. शेण पातळ झालं की बंद. गाभण म्हशीला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, लहान रेडकाला अजिबात नाही. पत्र्याचं पिंप नको, निळं प्लास्टिकचं हवं, आणि ते रोज धुवायचं, नाहीतर माश्यांनी गोठा भरतो. पहिल्या महिन्यात दोन घरांनी एकदम भरपूर पाजून म्हशी आजारी पाडल्या आणि सगळ्या गावात निवळीचं नाव खराब झालं. ते निस्तरायला पशुवैद्यकांना बरोबर घेऊन घरोघरी जावं लागलं.

यातून एक फायदा असा झाला की तो कुठल्याच कागदावर नव्हता. या भागात खासगी युनिटला दूध मिळवायचं तर गावच्या सोसायटीशी स्पर्धा. १९६३ला स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाचं जाळं गावागावांत आहे, दहा दिवसांनी बिल ठरलेलं, दिवाळीला दर फरक ठरलेला. खासगीवाल्याकडं तसलं काही नसतं. लिटरला रुपया-आठ आणे जास्त देऊन तो दूध ओढतो, आणि दुसरा कुणी अजून आठ आणे वाढवतो तेव्हा ते जातं. पिंप सुरू झाल्यापासून दूध तुटणं कमी झालंय, असं आबा म्हणतात. मी ते तपासलेलं नाही, पण टेम्पोवाला पण तेच सांगतो.

सोयाबीनचा विषय का सोडला

मधल्या काळात पुतण्यानं आणखी एक प्रस्ताव आणला होता: टोफू. हा प्रस्ताव आकड्यांवर सगळ्यात मजबूत होता, हे आधीच सांगतो. जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन होतं. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. दाण्यात ३६-४० टक्के प्रथिन, म्हणजे किलोभर प्रथिनाचा कच्चा माल दीडशे रुपयांच्या आत. दुधातलं किलोभर प्रथिन त्याच्या कितीतरी पट महाग पडतं, फॅटचे पैसे वजा केले तरी. शिवाय भांडी तीच: तापवायची कढई, फाडायचं टाकं, दाबायचा प्रेस. वाटण्याचं आणि गाळण्याचं मशिन तेवढं नवं.

तरी मी विरोधात बोललो. पनीरच्या बाजारात सध्या अॅनालॉग पनीरचा, पामतेल आणि पावडरीपासून केलेल्या मालाचा, सुळसुळाट आहे. लेबल लावून विकला तर तो कायदेशीर आहे. हॉटेलच्या ताटात लेबल कुणी बघत नाही, हा प्रश्न वेगळा. अशा दिवसांत खरं पनीर विकणाऱ्याची सगळी पुंजी म्हणजे त्याच्या दारात फक्त दुधाचे कॅन येतात ही गोष्ट. त्याच दारात सोयाबीनची पोती उतरली की चार दिवसांत गावभर होणार, हे पनीरात सोयाबीन घालतात. मग लॅबचा रिपोर्ट हॉटेलवाल्याच्या तोंडावर टाकला तरी उपयोग नाही. टोफू करायचा तर वेगळी जागा, वेगळं नाव, आणि आधी गिऱ्हाईक. कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या शेजारी टोफू मागणारं गिऱ्हाईक आज बोटावर मोजण्याइतकं आहे. पुण्याला पाठवायचा तर थंड गाडी हवी. पुतण्या अजून नाराज आहे यावर. त्याचं वय बघता दहा वर्षांनी त्याचंच बरोबर ठरलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पैसा कुठं गेला

थोडा निवळीवर गेला: पनीरच्या टेबलापासून वेगळी नळी, दोन हजार लिटरची टाकी, पंप, पिंपं. रोजची चाळीसेक लिटर निवळी विरजण लावून आंबवतात आणि दुसऱ्या दिवशी दूध फाडायला वापरतात, त्यामुळं सायट्रिक अॅसिडचा खर्च थोडा उतरला.

मोठा भाग, चोवीस लाख, गेला तो पुतण्याच्या मूळ गिऱ्हाइकाकडं, फक्त दुसऱ्या वाटेनं. रोज तीनशे लिटर दूध सेपरेटरमधून काढून साय तुपाला, आणि उरलेल्या सायविरहित दुधाचा चक्का. चक्क्यासाठीही दूध आधी खूप तापवतात, त्यामुळं व्हे प्रथिनं केसीनला धरून चक्क्यातच राहतात. पनीरच्या निवळीतून जे निघेना ते इथं आपोआप साठतं. शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन, फॅट नावाला, साखर न घातलेला. तालमी आणि जिमच्या पोरांना तो कपात विकायचा. एका वस्तादांनी पहिला कप खाऊन "पैलवानाला कप देतोस व्हय? म्हशीखाली बसव," असं म्हणून परत केला, त्यांच्याच तालमीतली पोरं आता आठवड्याचे कप आगाऊ सांगून ठेवतात.

या गुंतवणुकीसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अर्ज केला. त्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं. इथं ते आठ लाख चाळीस हजार बसतं. पशुसंवर्धन पायाभूत निधीत व्याजाला ३ टक्के सवलत आहे, तोही पर्याय होता, पण एवढ्या छोट्या रकमेला कागदपत्रं सारखीच लागतात आणि हाती कमी पडतं. बँकेनं कर्ज दिलं. अनुदान अजून खात्यावर आलेलं नाही, आणि मी ते पहिल्या तीन वर्षांच्या रोख प्रवाहात धरलेलंही नाही.

चक्क्याची अडचण टिकण्याची. थंडीत दहा-बारा दिवस जातो. उन्हाळ्यात जिमच्या फ्रीजचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आंबट होतो. परत आलेले कप काकी कढीला वापरतात, पण ते विक्रीत धरता येत नाही. सध्या पुतण्या फक्त तीन दिवसांचा माल पाठवतो आणि फेऱ्या वाढवतो, म्हणजे डिझेल वाढलं.

निवळीचंही एक कोडं उरलंय. पावसाळ्यात हिरवी वैरण मुबलक असते, बाहेर ओलं असतं, म्हशी पाणीसुद्धा कमी पितात. जुलै-ऑगस्टात पिंपं परत यायला लागली आणि रोज चारशे लिटर निवळी शिल्लक राहिली. ती नाल्यात सोडायची नाही हे ठरलेलं आहे. पुतण्याचा विचार बायोगॅसचा. चारशे लिटरमधून रोज पाच-सहा किलो एलपीजीच्या तोडीचा गॅस निघायला हरकत नाही, म्हणजे भट्टीचा व्यावसायिक सिलिंडर तीन-चार दिवसांनी एक वाचला. नुसती निवळी टाकली तर टाकी आंबून बंद पडते, शेण मिसळावं लागतं. चौदा म्हशींचं शेण आहेच. पावसाळ्यातले चार महिने सोडले तर टाकीला काय घालायचं, हा प्रश्न मी विचारलाय. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडं टाकीचा आराखडा दिला आहे, कोटेशन यायचं आहे.